अंदमानात सहा रात्री: काय बघायचं, पाण्यात कुठवर उतरायचं आणि काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं पाच जणांचं कुटुंब जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला निघालंय. नवरा-बायको चाळिशीतले, मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची आणि सोबत एकाहत्तर वर्षांच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात. पोहता कुणालाच येत नाही आणि प्रश्न विचारणाऱ्यांना बीपीची गोळी चालू आहे. एजंटने सहा रात्रींत तेवीस 'पॉइंट' बसवून दिलेत: पोर्ट ब्लेअरला तीन रात्री, हॅवलॉक बेटावर दोन, नील बेटावर एक, आणि शेवटून दुसऱ्या दिवशी बाराटांग बेट. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) करावं का, आईंना काय झेपेल आणि यातलं काय गाळावं, हे त्यांना हवंय.

मी बरीच वर्षं अंदमानला गट घेऊन जातो आणि स्वतः डायव्हिंगही करतो. आधी निकाल सांगतो: तेवीसमधले निम्म्याहून जास्त पॉइंट गाळा. ते वाईट आहेत असं नाही, पण अंदमानचा दिवस आपल्या दिवसासारखा चालत नाही, आणि ही यादी करणाऱ्याने तो बहुतेक नकाशावरच पाहिलेला दिसतो.

तिथलं घड्याळ आपलंच आहे, सूर्य मात्र आपला नाही. अंदमान पुण्यापासून इतकं पूर्वेला आहे की जानेवारीअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान बुडतोसुद्धा. सहाला मिट्ट काळोख. तुमच्या कागदावर हॅवलॉकसाठी 'सायं. ५.३० राधानगर बीच सूर्यास्त' लिहिलंय, त्या वेळी तुम्ही पार्किंगमध्ये चपला झटकत असाल. शिवाय अंधार पडल्यावर समुद्रात उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तिथे पहाटे पाचला उठायचं, दुपारी जेवून झोप काढायची आणि तीनला परत बाहेर पडायचं. मुलं कुरकुरतील, पण आईंना हे वेळापत्रक सगळ्यात आधी मानवेल, बघा.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. नीलचा नैसर्गिक पूल, म्हणजे खडकाची कमान, ओहोटीलाच बघता येतो. भरतीला तिथे नुसतं पाणी असतं, आणि लोक हॉटेलवाल्याला शिव्या देत परततात. नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर उलट होतं: ओहोटीला पाणी इतकं आत जातं की काचेच्या तळाची होडी प्रवाळाला घासेल, त्यामुळे तिथे भरती लागते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित तिथे चालवू नका. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता इंटरनेटवर मिळतो, तो तुमच्या तारखांचा उतरवून घ्या आणि मग दिवस आखा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप खाली आणि खूप वर जातं, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) फरक कमी पडतो. नैसर्गिक पूल उधाणाच्या ओहोटीला सगळ्यात छान उघडा पडतो.

आता रात्री कशा वाटायच्या. पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन, नील एक आणि शेवटची परत पोर्ट ब्लेअर. या शेवटच्या रात्रीवर मी अडून बसतो. बेटांमधल्या बोटी हवामान बिघडलं की रद्द होतात. जानेवारी ते एप्रिल हा कोरडा आणि शांत काळ असल्यामुळे शक्यता कमी, पण बंगालच्या उपसागरात एखादा कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर कुणाचं काही चालत नाही. नीलहून सकाळची बोट आणि त्याच दुपारचं विमान असं बसवून देणाऱ्याला दुसरीकडे पाठवा.

नावांचा घोळ नको म्हणून सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटांवर दोन्ही नावं दिसतील, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनीच. मीही इथे सवयीने जुनीच लिहितोय.

पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल. इथे मात्र घाई करू नका. इतर ठिकाणी मी 'एक तास पुरे' म्हणतो, पण इथे दुपारपासून संध्याकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमापर्यंतचा सगळा वेळ द्या. बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातलं. मधल्या मनोऱ्यातून सात पाकळ्या फुटाव्यात तशा सात इमारती होत्या, त्यांतल्या आता तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे तोंड करून आहेत, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसूच नये. एक कोठडी साधारण साडेतेरा फूट बाय साडेसात फूट, आणि झरोका डोक्याच्या खूप वर. मुलांना एका कोठडीत उभं करून दार लोटून घ्या आणि कडी कशी बसते ते बघायला सांगा. भिंतीत बाजूला कोनाडा करून कडी तिथे नेली आहे, आतून हात पोहोचूच शकत नाही. मुलं भाषण विसरतील, हे नाही विसरणार.

सावरकर ४ जुलै १९११ ला इथे आले. पन्नास वर्षांची शिक्षा होती, त्यामुळे कैद्याच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६० लिहिलेलं. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर ओळीच्या टोकाला आहे. जिने दगडी आणि चढे आहेत. आईंना चढायचंच असेल (आमच्याकडच्या आज्यांना इथे कुणी अडवू शकत नाही) तर सकाळपासून दुसरं काही ठेवू नका आणि एका जिन्यानंतर बसू द्या. थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते, आणि बराच काळ दोघांना एकमेकांचं तोंड दिसू दिलं नव्हतं. आपले लोक कोठडीला नमस्कार करून परत फिरतात, माझी तक्रार एवढीच. खाली अंगणात तेलाचा घाणा आहे, फाशीघर आहे, मधल्या मनोऱ्यात बंगाल आणि पंजाबच्या कैद्यांच्या नावांचे फलक आहेत. बारींद्रकुमार घोष, उल्लासकर दत्त, १९३३ च्या उपोषणात गेलेले महावीर सिंग. ती नावं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि हो, राष्ट्रीय सुट्टीला हे स्मारक बंद असतं, तुमच्या आठवड्यात २६ जानेवारी येते. कार्यक्रमाचं हिंदी खेळाचं तिकीट आधी काढा, गर्दीच्या मोसमात दारावर मिळेलच असं नाही.

रॉस बेट शेवटच्या पूर्ण दिवसासाठी ठेवा: नीलहून सकाळच्या बोटीने या, जेवा आणि दुपारी रॉस. बंदरातून होडीने काही मिनिटांवर आहे. इंग्रजांचं मुख्यालय होतं, १९४१ च्या भूकंपाने मोडलं, मग जपानी आले आणि त्यांचे बंकर अजून तिथे आहेत. आता चर्चच्या आणि बंगल्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळल्यात. चितळं माणसाला भीत नाहीत, पण बिस्किटं देऊ नका. चढ आहे, मात्र बॅटरीवरच्या गाड्या फिरतात, त्यामुळे आईंना अडचण नाही. त्याला जोडून विकतात तो नॉर्थ बे तुम्ही गाळा. त्याचा दीपस्तंभ जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेच्या पाठीवर होता, तेवढं बोटीतून दाखवा, बास.

हॅवलॉकला जाताना खासगी बोट घ्या. दीड तासाच्या आसपास लागतो, सरकारी बोटीला जास्त. सरकारी बोट स्वस्त आहे आणि तिच्या डेकवर उभं राहता येतं, मला स्वतःला तीच आवडते, पण पाच जणांचं सामान आणि आईंचे गुडघे बघता खासगीच बरी. खासगी बोटी बहुतेक बंद काचांच्या आणि वातानुकूलित. उलटीचा त्रास असणाऱ्याने गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. पोट रिकामं ठेवू नका आणि मागच्या भागातल्या मधल्या खुर्च्या मागा, हेलकावा तिथे कमी. मोबाइलमध्ये मान घालून बसलेला पोरगा सगळ्यात आधी पिवळा पडतो.

आता पाण्याचं. तुमच्या यादीत जेट-स्की, बनाना बोट आणि पॅरासेलिंग आहे. ते सगळं तारकर्लीला आणि अलिबागलाही होतं, त्यासाठी एवढं विमानभाडं कशाला? अंदमानला पाण्याखाली बघायला जायचं असतं. तुमच्यापुढे चार वाटा आहेत: काचेच्या तळाची होडी, स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं), सी-वॉक आणि स्कूबा.

सी-वॉकमध्ये डोक्यावर मोठं शिरस्त्राण घालतात, वरून नळीने हवा येते आणि तुम्ही पाच-सहा मीटर खोल तळावर चालता. केस कोरडे राहतात, चष्माही चालतो, पोहणं लागत नाही. तरीही मी कुणाला सुचवत नाही. तळ तुडवून तुडवून तिथे प्रवाळ उरलेलं नसतं, आणि मासे जमतात ते खायला टाकलं म्हणून. तेवढ्याच पैशात थोडी भर घालून स्कूबा होतं.

स्कूबाला पोहता येणं लागत नाही. प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी जो एक वेळचा डाइव्ह असतो त्यात प्रशिक्षक सगळा वेळ तुमची टाकी धरून असतो, आणि मर्यादा बारा मीटरची. वय किमान दहा. म्हणजे मुलगा करू शकतो, मुलगी नाही, आणि 'चालतं हो, करून घेऊ' म्हणणारं केंद्र भेटलं तर तिथून चालू पडा. आता तुमची गोळी. डाइव्हच्या आधी प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात: दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण. एकाही ठिकाणी 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते. बरेच लोक किनाऱ्यावर बसून 'नाही'वर खूण करतात, कारण पैसे भरलेले असतात. हे अजिबात करू नका. निघण्याआधी पुण्यातच तुमच्या डॉक्टरांकडे तो फॉर्म न्या. त्यांनी सही दिली तर प्रश्न मिटला, नाही दिली तर तुम्ही स्नॉर्कलिंग करा आणि बायको-मुलाला खाली पाठवा. सर्दी असेल तर कुणीच जायचं नाही. कान मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. हॅवलॉकला असे डाइव्ह बरेचदा किनाऱ्यावरूनच होतात. आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची सवय करवतात, मास्कमध्ये पाणी गेलं तर नाकातून फुंकून कसं काढायचं ते दाखवतात आणि खुणा शिकवतात. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'वर चला'. आपले लोक आनंदाने अंगठा दाखवतात आणि प्रशिक्षक त्यांना वर घेऊन येतो! ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकंसं फुंकायचं, कान दुखायची वाट बघायची नाही. दुखलंच तर हाताने खूण करून थोडं वर यायचं. श्वास कधीही रोखायचा नाही, हा एकच नियम घोकून ठेवा. पाण्याखाली प्रत्यक्ष वेळ अर्ध्या तासाच्या आतबाहेर मिळतो. मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी शिरत राहतं. वरच्या ओठावर व्हॅसलीन चोपडा किंवा आदल्या दिवशी सरळ कातरा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का हे बुकिंग करताना विचारा.

केंद्र निवडताना स्वस्त कोण हे विचारू नका. एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण, ऑक्सिजनचा संच जवळ आहे का आणि फॉर्म वाचतो कोण, एवढं विचारा. उत्तर देताना समोरचा वैतागला तर तेच उत्तर समजा. डाइव्ह हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर बारा तास आणि एकाहून जास्त असतील तर अठरा तास जायला हवेत, त्यामुळे शेवटच्या दिवशी डाइव्ह हा प्रकार नकोच.

दिसणार काय? जाहिरातींतले फोटो डोक्यात असतील तर ते घरी ठेवून या. लाल रंग पाण्यात काही मीटरवरच विरतो, म्हणून जाहिरातीतले भडक रंग दिव्याशिवाय दिसत नाहीत. शिवाय २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्याने इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं, उथळ पाण्यात ते जाणवतं. मासे मात्र भरपूर. समुद्रफुलात लपणारे केशरी-पांढरे विदूषकमासे, प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे (त्यांच्या दातांचा आवाज पाण्यात ऐकू येतो), पाय लागला की मिटणारे मोठे शिंपले. पाय लावायचा नाही, अर्थात.

मुलीसाठी स्नॉर्कलिंग. एलिफंट बीचला हॅवलॉकच्या धक्क्यावरून होडीने वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पहिल्या होडीने जा, दहानंतर तिथे जत्रा भरते. रंगीत गोल ट्यूब धरून तोंड पाण्यात घालायचं, मार्गदर्शक ओढत नेतो. मुलीला घरीच बादलीत मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची सवय करा, तिथले पहिले दहा मिनिटांचे रडणे वाचेल. सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे पाण्यातले टीशर्ट घ्या. पाठ आणि पोटऱ्या इतक्या भाजतात की रात्री पालथं झोपावं लागतं.

त्या सकाळी आई कुठे? हॉटेलच्या झाडाखाली खुर्चीत, नारळपाणी घेऊन. त्यांना दिवसाला एकच जागा द्या. राधानगरला तीन वाजता पोहोचा, किनारा लांब, सपाट आणि वाळू घट्ट असल्यामुळे त्या चालू शकतात, आणि सूर्य समोर समुद्रात बुडतो. नीलला भरतपूरची काचेची होडी त्यांच्यासाठीच आहे, फक्त चढताना दोघांनी धरा. नैसर्गिक पुलाकडे त्यांना नेऊ नका. वाट ओल्या, धारदार दगडांवरून आहे. तुम्ही मुलांना घेऊन जा आणि पाण्याच्या डबक्यांत नीट बघा: समुद्रकाकड्या, खेकडे, कधी छोटा ऑक्टोपसही.

अमावास्येच्या आसपास असाल तर हॅवलॉकला रात्री कयाकमधून खारफुटीत नेतात. वल्हं मारलं की पाण्यात सूक्ष्मजीव निळसर चमकतात. चांदणं असेल तर काही दिसत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी कालनिर्णय बघा. मुलाला घेऊन जा. खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, म्हणून जबाबदार माणसाबरोबरच आणि नेमलेल्या जागीच. किनाऱ्यावर मगरीची पाटी दिसली तर ती शोभेची नसते: २०१० मध्ये राधानगरजवळच्या खाडीत एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने जीव घेतला होता.

बाराटांग सोडा. पहिलं कारण आईंचं: रात्री तीनच्या सुमारास निघा, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावा, ताफ्यात जा, मोठ्या होडीने खाडी ओलांडा, मग छोटी होडी, मग दीड किलोमीटर चाल, आणि तेच सगळं उलटं. चुनखडीच्या गुहा चांगल्या आहेत, खारफुटीतली होडीची वाट तर सुंदर आहे, पण त्यापायी अख्खा दिवस जातो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. एजंट तोंडाने गुहा म्हणतो आणि हळूच 'नशीब असेल तर दिसतील' म्हणतो. काचेतून माणसं बघायला मुलांना नेऊ नये असं माझं मत आहे. फोटो काढणं, गाडी थांबवणं, खायला देणं हे सगळे गुन्हे आहेत आणि त्यात तुरुंगवास होतो. वाचलेला दिवस हॅवलॉकला द्या.

किरकोळ पण उपयोगी: संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाशा चावतात, खोबरेल तेल चोळून लांब पायजमा घाला. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका, विमानतळावर तपासणीत निघतात आणि प्रकरण वन्यजीव कायद्यात जातं. बेटांवर एटीएमवर विसंबू नका, रोकड जवळ ठेवा. बंगाली वस्ती असल्यामुळे वरण-भात आणि भाज्या सगळीकडे मिळतात, आईंचा उपास असेल तर साबुदाणा घरून न्या.

बुकिंगचा क्रम: आधी विमान, लगेच त्याच दिवशी खासगी बोटींच्या तिन्ही फेऱ्या, त्या पक्क्या झाल्यावर हॉटेलं. एजंट आधी हॉटेलं धरतो आणि मग मिळेल त्या बोटीत बसवतो, तिथेच सकाळ वाया जाते. जानेवारीअखेर मोसम ऐन भरात असतो, म्हणून बोटींचं आजच बघा आणि डॉक्टरांची वेळही याच आठवड्यात घ्या.